वडील वाटेत होते ते वर्ष

आमच्या कोरीट गावात माणूस गेलं की दहा दिवस, दुपार कलली की घरात पोथी लागते. मयताच्या घरीच वाचायची, एरवी कुणी तिला हातही लावत नाही, अशी ती पोथी. आबा गेले, म्हणजे माझे वडील, तेव्हा ती काकांनी वाचली. काका आबांचे धाकटे भाऊ, जन्मभर एसटीत कंडक्टर होते. आवाज खणखणीत. पोथीत एखाद्या गावाचं नाव आलं की ते नकळत थांबायचे आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघायचे, कुणाला उतरायचंय का ते विचारत असल्यासारखे.

त्या पोथीत गावं खूप येतात. तेरावा झाला की गेलेला माणूस चालायला लागतो, असं तिच्यात आहे. रस्ता तापलेल्या वाळूचा. झाड नाही, विहीर नाही. मधे मधे गावं लागतात, तिथे तो टेकतो, आणि घरच्यांनी त्या महिन्यात दिलेला पिंड आणि पाणी त्याला तिथे पोचतं. वाटेत एक नदी आहे, ती भलतीच वाईट. असं चालत चालत वर्षाने तो मुक्कामाला जातो. त्याच्या नावाने आपण जे दान दिलं असेल, चपला, छत्री, पाण्याचा लोटा, ते त्याला वाटेत कामी येतं.

मी भिंतीला टेकून ऐकत होते. कोरीटमधला उतरता वैशाख, पंख्याची घरघर, अंगणात पाहुण्यांच्या मोटरसायकली, आणि काकांचा आवाज त्या वाळूतून पुढे पुढे जाणारा. मी नंदुरबारला हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. रूपक, उत्प्रेक्षा, अतिशयोक्ती हा माझा रोजचा धंदा. मी मनात म्हटलं, काय सुंदर रूपक आहे! तापलेली वाळू म्हणजे मागे राहिलेल्यांचं दुःख, वर्षभर भाजणारं आणि हळूहळू निवत जाणारं. एवढं सुचलं आणि मला एकदम बरं वाटलं. शेजारी माय बसली होती. ती पदराचं टोक दातात धरून एकेक गाव लक्षात ठेवत होती.

तेराव्याला दानाच्या वस्तू काकांनी नंदुरबारहून आणल्या. मायने त्यातल्या चपला उचलल्या, आबांच्या मापाच्या आहेत का म्हणून तळाला वीत लावून पाहिली आणि म्हणाली, "ह्या तेसले लहान पडतीन."

"वहिनी, दानन्या चपला अश्याच ऱ्हातस," काका म्हणाले.

"अश्याच म्हंजे? चालानं कोणले शे?"

बदलून आणायला वेळ नव्हता, गुरुजींना पुढच्या गावी जायचं होतं. चपला तशाच गेल्या. संध्याकाळी मायने स्वतःच्या चपला दारात काढल्या, पायाने खाटेखाली सारल्या आणि त्यानंतर घातल्याच नाहीत. मी विचारलं तेव्हा तिने आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. "ते चटका सोसी ऱ्हायनात, आनि मी चपला घालीसन हिंडू?"

आता इथे सांगायला हवं की मायला साखरेचा आजार आहे. पायांना बधिरपणा आलेला, काटा रुतला तरी तिला कळत नाही. घरातसुद्धा एक पाऊल अनवाणी टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि मी एकुलती एक. बाप नुकताच गेलेला, आणि आई एका पोथीपायी पाय गमावायला निघालेली. माझा नुसता संताप झाला. मी तिच्यासमोर बसले आणि वर्गात बोलते तशी बोलायला लागले.

"माय, ते रूपक शे."

"म्हंजे?"

"म्हंजे खरोखरनी वाळू नही. तसं वाटस."

"कोणले वाटस?"

दहावीच्या वर्गात आजवर कुणी हे विचारलं नव्हतं.

पावसाळ्यात मी जरा सैल सोडलं. गावात सगळीकडे मऊ चिखल, चपला असल्या तरी हातातच घ्याव्या लागायच्या. दर महिन्याला आबांच्या तिथीला काका पिंड द्यायचे आणि माय सांगायची, आता ते कुठपर्यंत पोचले. सुरुवातीला ती पोथीतली नावं घ्यायची. पण ती नावं तिच्या जिभेला जड, आणि ती गावं तिने कुठे पाहिलेली? मग हळूहळू त्यांच्या जागी तिच्या ओळखीची गावं यायला लागली. आबा तरुणपणी मिरची घेऊन अक्कलकुव्याच्या बाजाराला जायचे. तेव्हा तापीवर जवळपास पूल नव्हता. नावेतून पलीकडे, मग तळोदा, मग डोंगर डाव्या-उजव्या हाताला सरकत सरकत अक्कलकुवा. माय त्या रस्त्याने कधी गेली नव्हती. आबांनी जेवताना सांगितलेलं तेवढंच तिला ठाऊक. पण ते त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की मेल्यावर माणूस दुसऱ्या कुठल्या रस्त्याने जाईल, हे तिला पटेना.

"आते तापीना काठले बठेल व्हतीन," ती श्रावणात म्हणाली.

मी चिडवलं, "मंग नाव लागेल शे का नही? का पव्हतच जातीन?"

"तापी कितला डाव उतरेल शेतस ते," माय शांतपणे म्हणाली. "पानीनं भेव नही. वाळूनं भेव शे."

मला राग यायचा, हे खरं. पण दर रविवारी स्कूटरवरून नंदुरबारहून गावाकडे येताना मी रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांकडे बघायला लागले होते. डोक्याला उपरणं गुंडाळलेला एखादा पाठमोरा माणूस दिसायचा, एका खांद्याने थोडा कललेला. मी वेग कमी करायचे. जवळ गेलं की तो कुणीतरी दुसराच असायचा, आणि पुढे गेल्यावर मी आरशात मागे पाहायचे नाही. पाहिलं नाही तर तो कुणीही असू शकत होता. कापसाची हिरवी शेतं, त्यांच्यावर उतरलेलं ढगांचं सावट, आणि मागे कुणीतरी संथ चालत येतंय. ते दोन-तीन मैल मला फार आवडायचे. वर्गात यातलं एक अक्षरही मी बोलले नसते.

दिवाळीनंतर मायचं रक्त तपासायला तिला नंदुरबारला आणलं. स्टँडवरून रिक्षा केली. दवाखाना शहराच्या टोकाला, आणि तिथे बाहेर तेव्हा मिरची वाळत पडलेली असते, मैदानंच्या मैदानं लाल. डोळ्यांना पाणी येतं, शिंकांवर शिंका. मायने रिक्षा थांबवायला लावली आणि खाली उतरून त्या लालीच्या काठाशी उभी राहिली. ऊन तळपत होतं. मिरचीवरची हवा हलत होती आणि त्या हलत्या हवेपलीकडे, पार टोकाला, एक माणूस वाकून चालला होता. इतका लहान दिसत होता की तो चालतोय की जागच्या जागी हलतोय, कळत नव्हतं.

"आसाच शे तो रस्ता," माय म्हणाली.

तो मिरची पसरणारा मजूर असणार, दुसरं कोण. मला ते ठाऊक होतं, तरी मी बघत राहिले. रिक्षावाला शिंकून शिंकून बेजार झाला होता आणि आम्ही दोघी माय-लेकी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. मग मी भानावर आले आणि तिच्यावरच ओरडले, की डॉक्टर निघून जातील, आणि तू इथे अनवाणी काय उभी राहतेस, चल बस आधी.

माघात गावात सप्ताह बसला. कीर्तनाला आलेले महाराज तरुण, शिकलेले, बोलण्यात गोडवा. काकांकडे चहाला आले तेव्हा मी त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. आई अशी अशी अनवाणी फिरते, तिला माझं पटत नाही, तुमचं पटेल. त्यांनी मान डोलावली. त्या संध्याकाळच्या कीर्तनात त्यांनी तोच विषय घेतला.

"माउली," महाराज म्हणाले, "ती वाळू बाहेर कुठे नाही, ती आपल्या आत आहे. ती नदी म्हणजे आपलाच लोभ. ती गावं म्हणजे आपल्याच मनाच्या अवस्था. ग्रंथ बोट दाखवतो, आपण बोटालाच धरून बसतो." मी खांबाशी बसून ऐकत होते आणि मला धन्य धन्य वाटत होतं. माझंच म्हणणं, पण माझ्यापेक्षा कितीतरी देखणं. बायकांनी माना डोलावल्या. मायनेही डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खाटेखालून चपला काढल्या, पदराने झटकल्या आणि घातल्या. मी जिंकले होते. शाळेत जाऊन शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं, वर पेढेही दिले.

पुढच्या रविवारी गेले तर काका अंगणातच उभे. "वहिनी जेवत नही," ते हळू आवाजात म्हणाले. ओट्यावर माय रोज आबांच्या नावाने पाण्याचा लोटा भरून ठेवायची, तो तिथे नव्हता. आत माय भिंतीकडे तोंड करून निजली होती. पायांत चपला तशाच होत्या. खाटेवर, गोधडीवर, चपलांसकट निजलेली माझी आई. मी घाबरले. तिच्याजवळ बसले आणि काय होतंय ते विचारलं.

ती भिंतीकडेच बघत बोलली. "महाराज शिकेल माणूस शे. खोटं कसाले सांगी?"

मी गोधडीची सुरकुती सारखी करत राहिले.

"रस्ता नही म्हणे. वाळू नही, गावं नही." मग ती वळली आणि तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "मंग ते शेतस कोठे?"

आपल्या मनात आहेत, हे वाक्य माझ्या ओठापर्यंत आलं होतं. सांत्वनाला गेलं की आपण सगळेच ते बोलतो. पण मला ते बोलवेना. आबा चांगले धिप्पाड माणूस. शिंकले तर गल्लीतली कुत्री उठायची. घरात एका जागी बसायचे नाहीत, जेवतानासुद्धा मधेच उठून बैलांना बघून यायचे. एवढा माणूस मनात मावतो कुठे? आणि जे मन भिंतीकडे तोंड करून पडलंय, त्यात तो राहील तरी कसा?

"महाराजले काय माहीत?" मी म्हटलं. "तो कधय चालना तठे? रस्ता शे."

"शे?"

"शे. आते सातपुडाना पायथाले लागेल व्हतीन. तठे आंबा शेतस, मोहरेल. सावली शे."

हे मला कुठून सुचलं, देव जाणे. पण बोलता बोलता मला तो रस्ता दिसला. दोन्ही बाजूंना मोहरलेली झाडं, तांबूस माती, एका झाडाखाली आबा उपरण्याने मान पुसत बसलेले. माय माझा चेहरा निरखत होती, मी थापा मारतेय का ते बघत. मग उठून बसली, भाकरी मागितली. आणि भाकरी येईपर्यंत तिने पायातल्या चपला काढून पुन्हा खाटेखाली ढकलून दिल्या. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना.

चैत्रात व्हायचं तेच झालं. ओट्यावर लालसर ओले डाग दिसले म्हणून काकांनी तिचा पाय उलटा करून बघितला, तर तळव्याला मोठा फोड येऊन फुटलेला. तिला पत्ता नव्हता. डॉक्टर माझ्यावरच उखडले. पुन्हा असं झालं तर बोट काढावं लागेल, म्हणाले. घरी आल्यावर मी मायच्या हातापाया पडले, धमक्या दिल्या, आबांची शपथ घातली. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. मी रडकुंडीला आले होते.

काका दारात बसले होते. तिथूनच ते म्हणाले, "वहिनी, पोथीमा चपलासनं लिखेल शे. मोजासनं काही लिखेल नही."

माय थांबली. "नही ना?"

"मी सोता वाची दखाडं. कोठेच नही."

"मोजा म्हंजे चपला नहीत," माय स्वतःशी म्हणाली.

"नहीतच."

त्या दुपारी तिने काकांचे नोकरीतले जाड मोजे घेतले, जुन्या गोधडीचे तुकडे कापून त्यांच्या तळाला घडीवर घडी शिवली आणि ते घातले. उन्हाळाभर माझी आई कोरीटच्या गल्लीतून असे मोजे घालून हिंडली. जखम भरून आली. डॉक्टरांनी ते मोजे उलटेपालटे करून पाहिले आणि परत दिले. मी वर्षभर अर्थ सांगत बसले होते. वाट निघाली ती पोथीच्या अक्षरातूनच, आणि तीही काकांना दिसली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यात पाणी, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि गोड सांजोरी. माय सकाळपासून मोजे घालून लगबग करत होती. घागर झिरपत होती, तिच्या बाजूला ओल पसरत होती. मी सहज तिच्यावर हात ठेवला. थंडगार. आणि मी आपणहून विचारलं, "माय, आते कोठे व्हतीन आबा?"

मायला त्यात काही नवल वाटलं नाही. "अक्कलकुवाना पुढे," ती डांगर पुसत म्हणाली. "चढ लागना. आखरीनं गाव ऱ्हायनं आते."

"दमनात व्हतीन."

"दमतीन नही तं काय. पन आज पानी पोचाडी."

त्यानंतर मी रोज विचारायला लागले. परीक्षा संपल्या होत्या. पेपर तपासता तपासता फोन लावायचे, साखर किती आली ते विचारायचे, आणि मग म्हणायचे, आज कुठे? माय सांगायची. आज एका नाल्याकाठी थांबलेत. आज वारा आहे, बरं चाललंय. पेपरांच्या गठ्ठ्यासमोर बसून मी डोळे मिटायचे आणि तो नाला मला दिसायचा, तळाशी गोटे, कडेला काढून ठेवलेल्या बुटांसारखे दोन दगड. मी मोठ्या मुलींना शिकवणारी बाई. पण त्या दिवसांत कुणी मला विचारलं असतं की तुमचे वडील हयात आहेत का, तर मी बहुतेक म्हटलं असतं, ते बाहेरगावी गेलेत.

वर्षश्राद्ध झालं. काकांनी विधी केले, पंगत उठली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माय अंघोळ करून आली. तिने मोजे धुतले, दोरीवर वाळत घातले, चपला घातल्या आणि मला म्हणाली, चल, नंदुरबारला जाऊ, लोणच्याच्या कैऱ्या संपून जातील. चेहरा असा, की कितीतरी दिवसांनी नीट झोप झालेली असावी. मला इतका आनंद झाला की मी तिला स्कूटरवर बसवून गाणं गुणगुणतच निघाले.

बाजारात शिरताना मी सवयीने मान मागे वळवून विचारलं, "मंग आज कोठे व्हतीन?"

"कोन?"

"आबा."

"पोचनात ना ते," माय म्हणाली.

"कोठे?"

"पोचनात म्हंजे पोचनात. आते तेसले काही लागत नही."

मी स्कूटर कडेला घेतली. गर्दी होती, हातगाड्या होत्या, कैऱ्यांचे ढीग होते, उन्हाने सगळं पांढरं झालं होतं. मी त्या उन्हात लांबवर पाहिलं. तिथे कुणी चालत नव्हतं. नाला नव्हता, चढ नव्हता, झाडाखाली कुणी मान पुसत नव्हतं. उद्या फोन लावून मी काय विचारणार होते? आबा मेले आहेत, हे मला तिथे, बाजाराच्या तोंडाशी, पहिल्यांदा कळलं. मी हँडलवर डोकं ठेवलं आणि मोठमोठ्याने रडायला लागले. येणारेजाणारे बघत होते, मला त्याचं काही वाटत नव्हतं.

माय खाली उतरली होती. तिने मला गप्प केलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून ती उभी राहिली, आणि मला जरा श्वास घेता आला तेव्हा म्हणाली, "मन्हं चालनं सरनं, बेटा. तुन्हं आज सुरू व्हयनं."

मला तिला विचारायचं होतं की ती वाळू खरंच एवढी तापलेली असते का. पण हुंदके थांबत नव्हते, आणि ऊन वाढत चाललं होतं.